जुन्या तरणतलावाची गळती : फरशी फोडण्यापूर्वी काय तपासावे?

अंगणतळे (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या घरामागच्या अंगणात सुमारे चाळीस वर्षांपूर्वी बांधलेला काँक्रीटचा तरणतलाव आहे. तो १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. घर घेतले तेव्हा तलाव त्याच्यासोबतच आला, मात्र त्याच्या पाइपांचा नकाशा कोणाकडेही नव्हता. पंपाजवळचे जोड पीव्हीसीचे आहेत आणि ते मधल्या काळात कोणीतरी बदललेले दिसतात. फरशीखाली जाणारे पाइप मात्र मूळचे, तांब्याचे आहेत.

गेल्या काही महिन्यांपासून चार गोष्टी एकाच वेळी दिसू लागल्या आहेत. पाण्याची पातळी पूर्वीपेक्षा भराभर उतरते. रोज सकाळी पंप सुरू केला की त्याच्या जाळीच्या भांड्यात पाणीच नसते आणि पाणी उचलायला तो बराच वेळ घेतो. पंप चालू असताना तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे येतात. फिल्टर स्वच्छ असताना दाबमापकावर पूर्वी १४ पीएसआय (दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब) दिसत असे, आता ८ दिसतो. शिवाय पाणी परत येण्याच्या दोन्ही तोंडांखाली भिंतीवर निळसर-हिरवे ओघळ उठले आहेत.

पाहणीसाठी आलेल्या एका कंत्राटदाराने कोणतीही चाचणी न घेता सांगितले की, सभोवतालची सगळी फरशी फोडून पाइप नव्याने टाकावे लागतील. कदाचित शेवटी ते खरेही ठरेल, पण गळती नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय इतकी तोडफोड करायला माझे मन घेत नाही. तलाव रिकामा करून आतून तडे तपासावेत, असाही विचार मनात आहे. ज्यांनी असे जुने तलाव हाताळले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कुठून करावी.

समतल

बाकी काही करण्याआधी एक विनंती करतो. भूजलाची पातळी माहीत नसताना तलाव रिकामा करू नका. भरलेल्या तलावातील पाण्याचे वजन त्या काँक्रीटच्या भांड्याला खाली दाबून धरते. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असेल, तर रिकामे झालेले भांडे बोटीसारखे वर उचलले जाते. अशा वेळी तळाला तडे जातात, भांडे तिरके होते आणि त्याला जोडलेले सगळे पाइप एकाच वेळी तुटतात. पुष्कळ तलावांच्या तळाच्या निचऱ्यात बाहेरचा दाब वाढल्यास उघडणारा एक झडपेचा व्हॉल्व्ह असतो, पण इतक्या वर्षांनंतर तो अडकलेला नसेल याची खात्री देता येत नाही. आपल्याकडे तर महिनोन्‌महिने पाणी जमिनीत मुरत आहे, म्हणजे आपला स्वतःचाच पाझर भांड्याभोवती साठलेला असू शकतो. जी तपासणी करायची आहे, ती सगळी पाणी भरलेले असतानाच होते.

पाणवठा

मी बरीच वर्षे पंप आणि तलावांच्या नळजोडणीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण सांगितलेल्या चार लक्षणांमध्ये मला दोन वेगवेगळे बिघाड दिसतात, आणि ते वेगळे ठेवून पाहिले नाहीत तर गोंधळ होतो. तलावाच्या नळजोडणीचे दोन भाग असतात. स्किमर (पृष्ठभागावरचे पाणी व कचरा ओढून घेणारे भिंतीतले तोंड) आणि तळाच्या निचऱ्यापासून पंपापर्यंतचा भाग ओढीचा, आणि पंपापासून फिल्टरमधून तलावापर्यंतचा भाग दाबाचा. दाबाच्या बाजूला छिद्र असेल तर पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर फेकले जाते. ओढीच्या बाजूला छिद्र असेल तर पंप चालू असताना पाणी बाहेर न पडता बाहेरची हवा आत ओढली जाते. मग पंप बंद झाल्यावर काय होते, हे ते छिद्र किती उंचीवर आहे त्यावर ठरते. ते तलावाच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पाणी झिरपत राहते. पातळीपेक्षा वर असेल तर पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही, पण हवा शिरल्यामुळे पाइपातले पाणी तलावाकडे परत उतरते आणि सकाळी पंपाचे भांडे कोरडे मिळते.

बुडबुडे, कमी झालेला दाब आणि सकाळचे कोरडे भांडे ही तीन लक्षणे एकाच बिघाडाची आहेत, आणि तो बिघाड बहुधा जमिनीवर, पंपाच्या आसपासच आहे. पंपाच्या झाकणाखालची ओ-रिंग (हवाबंद ठेवणारी रबरी कडी) काढून बोटांत वाकवून पाहा. तिला बारीक भेगा दिसल्या किंवा ती चपटी झालेली असली तर बदला. नव्या ओ-रिंगला सिलिकॉनचे ग्रीस लावा. खनिज तेलाचे साधे ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते. त्यानंतर पंपाच्या तोंडाशी जो पीव्हीसीचा आट्यांचा जोड आहे, तो पाहा. पंप कधी पाण्याविना चालला असेल तर आतले पाणी तापून उकळण्यापर्यंत जाते, आट्या आकसतात आणि जोड पुन्हा कधीही हवाबंद राहत नाही. पंप चालू ठेवून एकेका जोडावर दाढीचा फेस लावत जा; जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडेल, तिथे हवा शिरते आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीही फेस लावायला विसरू नका.

पाण्याची पातळी उतरते तो प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी बादलीची चाचणी घ्या आणि आकडे इथे लिहा. बादलीत वजनासाठी दगड ठेवून ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवा की तिचा बराचसा भाग पाण्यात राहील, म्हणजे आतले व बाहेरचे पाणी साधारण एकाच तापमानाला राहते. बादलीतले पाणी तलावाच्या पातळीइतके भरा आणि दोन्हीकडे खुणा करा. २४ तास पंप चालू ठेवून एकदा, आणि २४ तास पंप बंद ठेवून एकदा, अशी दोनदा नोंद घ्या. पाऊस नसावा, कोणी पोहायला उतरू नये आणि पाणी आपोआप भरणारी सोय असेल तर ती बंद असावी. बादलीतून जितके पाणी कमी होईल तितके बाष्पीभवन. तलावातली घट त्याहून जितकी अधिक, तितकी गळती.

ओंजळ

पाणवठा यांच्या प्रतिसादाला एक जोड देते. आमच्या तलावाचे पाणी फिल्टरच्या बहुमुखी व्हॉल्व्हमधून, म्हणजे दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हमधून, निसटत होते. त्या व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखे एक रबरी गॅस्केट असते. ते झिजले की दांडा फिल्टरच्या खुणेवर असतानाही थोडे पाणी सांडपाण्याच्या पाइपातून निघून जाते, आणि तो पाइप थेट गटारात जोडलेला असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. आम्ही दोन महिने तलावाच्या भिंती तपासत राहिलो होतो. पंप चालू असताना तो पाइप कोरडा आहे का, एवढे आधी पाहा. आणि पंप चालू असताना त्या व्हॉल्व्हचा दांडा कधीही फिरवू नका. हे गॅस्केट फाटण्याचे ते एक मोठे कारण असते.

अंगणतळे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चार दिवसांतल्या नोंदी देते.

तलाव रिकामा करण्याचा विचार सोडून दिला आहे. झाकणाची ओ-रिंग दगडासारखी कडक झाली होती. ती बदलल्यावर बुडबुडे निम्म्याहून कमी झाले. उरलेली हवा पंपाच्या तोंडाच्या आट्यांच्या जोडातून येत होती, तिथे फेस स्पष्टपणे आत ओढला गेला. तो जोड कापून नवा बसवला, आणि पुढच्या वेळी काही कापावे लागू नये म्हणून तिथे युनियन (फिरवून सुटा करता येणारा जोड) टाकले. आता दाबमापक पुन्हा १४ वर आहे आणि सकाळी भांडे भरलेले मिळते. सांडपाण्याचा पाइप पूर्ण कोरडा आहे.

बादलीचे आकडे असे आहेत. पंप चालू असताना तलाव १३ मिलिमीटर उतरला आणि बादली ५ मिलिमीटर. पंप बंद असताना तलाव ८ मिलिमीटर उतरला आणि बादली ५ मिलिमीटर. म्हणजे चालू असताना ८ आणि बंद असताना ३ मिलिमीटर गळती.

समतल

आपल्या तलावाचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर आहे, म्हणजे १ मिलिमीटर पातळी उतरली की ५० लिटर पाणी गेले. पंप चालू असताना दिवसाला ४०० लिटर आणि बंद असताना १५० लिटर, असा हा हिशोब होतो. इतके पाणी एकाच ठिकाणी मुरत असेल तर ते आपल्याबरोबर बारीक माती वाहून नेते आणि फरशीखाली पोकळी तयार होते. फरशीवर लाकडी दांड्याने ठोकत फिरा. आवाज बदलून पोकळ येऊ लागला तर तो भाग खडूने आखून ठेवा आणि त्यावर जड वस्तू ठेवू नका. पोकळ आवाजाची जागा म्हणजे गळतीचीच जागा असे नाही, कारण पाणी उताराने दूर जाते, पण शोध घेताना ही खूण उपयोगी पडते.

पाणवठा

आकडे फार बोलके आहेत. बंद असताना जाणारे ३ मिलिमीटर तलावाच्या काँक्रीटच्या भांड्यातून, स्किमरमधून किंवा ओढीच्या जमिनीखालच्या पाइपातून जात असावेत. चालू असताना जे ५ मिलिमीटर जास्त जातात, ते दाबाच्या बाजूचे आहेत. एकेक करून सोडवू.

आधी स्किमर पाहा. जुन्या काँक्रीटच्या तलावांत माझा पहिला संशय नेहमी तिथेच जातो. स्किमर प्लास्टिकचा आणि भोवतालचे भांडे काँक्रीटचे. ऊन-थंडीत दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, आणि जमीन थोडी खचली की त्यांच्यामधला सांधा उघडतो. पंप बंद करून पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या. मग सिरिंजमध्ये गडद रंगाचे खाद्यरंगाचे पाणी घेऊन सांध्याच्या अगदी जवळ, हात न हलवता, थेंबथेंब सोडा. गळती असेल तर रंगाची रेघ त्या फटीत ओढली जाते. नसेल तर रंग जागीच ढगासारखा पसरतो. हीच चाचणी पाण्याखालच्या दिव्याच्या कोनाड्यापाशीही करा, कारण दिव्याची वायर ज्या नळीतून मागे जाते ती नळी कोनाड्याशी सुटलेली असते आणि पाणी तिथून जाते. दिव्यापाशी हात घालण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून बंद केलाच पाहिजे.

तळाच्या निचऱ्याविषयीही सांगून ठेवतो, जरी ते गळतीशी संबंधित नसले तरी. जुन्या तलावांत पुष्कळदा तळाला एकच निचरा आणि त्यावर सपाट जाळी असते. त्या जाळीवर शरीर किंवा केस अडकले तर पंपाच्या ओढीमुळे माणसाला सुटता येत नाही, आणि लहान मुले अशा अपघातांत दगावली आहेत. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर ती बदलेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पाइपांचे काम काढलेच आहे, तर एका पंपाला जोडलेले दोन निचरे, एकमेकांपासून किमान ९० सेंटिमीटर अंतरावर, आणि त्यांवर फुगीर सुरक्षित झाकणे अशी व्यवस्था होऊ शकेल का, हेही पाहावे.

रसायनी

मला त्या निळसर-हिरव्या ओघळांविषयी बोलायचे आहे, कारण गळतीचे मूळ मला तिथे दिसते. ते विरघळलेले तांबे आहे. पाण्याचा सामू (पीएच) बराच काळ ७.२ च्या खाली राहिला की तांब्याच्या पाइपाचा आतला थर पाण्यात उतरू लागतो, आणि तेच तांबे पुढे भिंतीवर डाग बनून बसते. आपण क्लोरीनसाठी कोणत्या गोळ्या वापरता आणि त्या कुठे ठेवता? ट्रायक्लोरच्या गोळ्या मुळातच आम्लधर्मी असतात. त्यांच्या द्रावणाचा सामू ३ च्या आसपास जातो. पुष्कळ घरांत त्या थेट स्किमरच्या टोपलीत ठेवण्याची सवय असते. पंप बंद असताना गोळी तिथेच विरघळत राहते, आणि सकाळी पंप सुरू झाला की रात्रभर साठलेले ते आम्लाचे पाणी पाइप, पंप आणि हीटर यांतून एकदम जाते. तांब्याच्या पाइपाला वर्षानुवर्षे हे सोसावे लागले असेल, तर तो आतून किती उरला आहे हे बाहेरून कळणार नाही.

अंगणतळे

रसायनी, आपण नेमके ओळखलेत. गोळ्या स्किमरच्या टोपलीतच ठेवत होतो. आधीच्या मालकांनी तसेच दाखवले होते आणि आम्ही कधी प्रश्न विचारला नाही. मोजल्यावर सामू ६.८ निघाला. आता तो ७.४ वर आणला आहे आणि गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवल्या आहेत.

रंगाच्या चाचणीत स्किमरच्या तोंडाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात रेघ सरळ आत गेली. पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सीची पुटी तिथे दाबून भरली. दिव्यापाशी काहीही आढळले नाही. त्यानंतर पंप बंद ठेवून पुन्हा २४ तास मोजले, तेव्हा तलाव आणि बादली दोन्ही बरोबर ५ मिलिमीटरच उतरले. पंप चालू ठेवून मोजले तेव्हा तलाव १० आणि बादली ५ मिलिमीटर उतरली. म्हणजे आता फक्त दाबाच्या बाजूची गळती उरली आहे.

परतीच्या पाइपांच्या दोन शाखा आहेत, एक जवळच्या तोंडाकडे आणि एक तलावाच्या दूरच्या टोकाकडे. दोघींना पंपापाशी स्वतंत्र व्हॉल्व्ह आहेत. पुढे काय करावे?

पाणवठा

व्हॉल्व्ह स्वतंत्र आहेत, हे फार उपयोगी आहे. दूरच्या शाखेचा व्हॉल्व्ह बंद करा, तिच्या तलावातल्या तोंडाला रबरी बूच बसवा आणि फक्त जवळच्या शाखेवर पंप २४ तास चालवा. दाबमापकावर लक्ष ठेवा. दाब फार चढला तर पंप बंद करा. घट थांबली तर दूरची शाखा दोषी, घट तशीच राहिली तर जवळची.

त्यानंतर खात्रीसाठी दाबचाचणी घ्या. शाखा दोन्ही टोकांनी बंद करून, आतली सर्व हवा काढून, पाण्याने १५ ते २० पीएसआयपर्यंत दाब द्यायचा आणि अर्धा तास काटा पाहायचा. ही चाचणी पाण्यानेच घ्यावी. दाबलेल्या हवेत खूप शक्ती साठते. बूच सुटले तर ते गोळीसारखे उडते. जुन्या तांब्यावर याहून अधिक दाब देऊ नका, नाहीतर तपासतानाच नवे छिद्र पडेल.

अंगणतळे

दूरची शाखा बंद ठेवल्यावर तलाव आणि बादली यांत काहीही फरक राहिला नाही. दाबचाचणीत जवळच्या शाखेने २० पीएसआय अर्धा तास धरून ठेवला. दूरच्या शाखेचा काटा दहा मिनिटांत २० वरून ८ वर आला. समतल यांनी सांगितल्याप्रमाणे ठोकून पाहिले, तर दूरच्या तोंडामागे सुमारे एक मीटर भागात फरशी पोकळ वाजते.

आता निवड दोन पर्यायांची आहे. तेवढ्याच भागातली फरशी काढून छिद्र पडलेला तुकडा बदलायचा, किंवा ही शाखा कायमची सोडून देऊन फरशीच्या बाहेरून, मातीतून, नवा पाइप न्यायचा.

ओंजळ

माझे मत तुकडा बदलण्याच्या बाजूचे आहे. खर्च कमी, खोदकाम कमी, आणि दुसऱ्या शाखेने चाचणीत दाब धरला आहे म्हणजे तांबे सगळीकडे संपलेले नाही.

पाणवठा

ओंजळ यांचा मुद्दा चुकीचा नाही. एखाद्या मुळामुळे किंवा जमीन खचल्यामुळे पाइप एका ठिकाणी तुटला असता, तर मीही तेच सांगितले असते. पण इथे आम्लाने धातू आतून खाल्ला आहे, आणि ती झीज एका जागेपुरती नसते. कोपराच्या वळणावर पाण्याचा वेग व खळबळ जास्त असल्याने छिद्र तिथे आधी पडते. तिथे नवा कोपर बसवला की सरळ भागातली पुढची पातळ जागा केव्हातरी फुटते. शिवाय पातळ झालेल्या तांब्याला डाग द्यायला (सोल्डर करायला) गेले की जोड नीट धरत नाही. तोंडामागे खोदावे तर दोन्ही पर्यायांत लागणारच आहे. ते खोदल्यावर जुना पाइप कापून त्याचा तुकडा हातात घ्या, आणि जाडी पाहून मग निर्णय करा.

नवा पाइप टाकणार असाल तर दीड इंचाऐवजी दोन इंचांचा टाका. व्यास थोडाच वाढतो, पण पाण्याला मिळणारी वाट जवळजवळ १.८ पट होते, घर्षण बरेच घटते आणि पंपावरचा भार हलका होतो. फक्त भिंतीतल्या तोंडापाशी तो पुन्हा दीड इंचावर आणावा लागेल. पीव्हीसीचा प्रत्येक जोड आधी प्रायमरने पुसून, मग सोल्युशन लावून, आत ढकलताना पाव वळसा देऊन अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा. २४ तासांनी दाबचाचणी घ्या आणि त्यानंतरच चर बुजवा. मी हे आवर्जून सांगतो, कारण घाईने आधी चर बुजवून मग पाणी सोडलेली कामे मला पुन्हा उकरावी लागली आहेत.

समतल

दोन गोष्टी राहिल्या. पोकळी केवळ मातीने बुजवू नका. वाळू थराथराने टाकून पाण्याने बसवा, किंवा पातळ सिमेंट-वाळूचे मिश्रण ओता, नाहीतर फरशी काही महिन्यांत खचेल आणि तिच्या वजनाने नवा पाइप वाकेल. दुसरी गोष्ट विजेची आहे. तांब्याचा पाइप धातूचा असल्यामुळे पंप, शिडी, दिवा यांना एकमेकांशी विद्युतदृष्ट्या जोडण्याचे काम नकळत तोच करत असू शकतो. तो कापून प्लास्टिकचा पाइप टाकला तर ती जोडणी तुटते. काम सुरू करण्यापूर्वी जाणकार वायरमनकडून ही सर्व जोडणी तपासून घ्यावी.

अंगणतळे

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. तोंडामागे अर्धा मीटर रुंदीचा खड्डा घेतला. माती चिखलासारखी होती आणि कोपराच्या बाहेरच्या वळणावर टाचणीच्या टोकाएवढी तीन छिद्रे होती. तिथून हातभर अंतरावर सरळ पाइप कापला, तेव्हा त्याची कड इतकी पातळ निघाली की ती अंगठ्याने दाबून वाकवता आली. तुकडा हातात घेतल्यावर निर्णयाबद्दल शंका उरली नाही. ओंजळ यांना मी त्याचे छायाचित्र दाखवले आणि त्यांचेही मत बदलले.

जुनी शाखा दोन्ही टोकांनी कायमची बंद केली आणि फरशीच्या कडेबाहेरून दोन इंचांचा पीव्हीसी पाइप नेला. वायरमनला शिडीची जोडणी खरोखरच सुटलेली आढळली. त्याने स्वतंत्र तांब्याची तार टाकून सगळे भाग पुन्हा जोडले. चर उघडा असताना नव्या पाइपाने २० पीएसआय अर्धा तास धरला. पोकळीत वाळू-सिमेंटचे मिश्रण ओतले आणि फरशीच्या ज्या सहा लाद्या काढल्या होत्या, त्याच पुन्हा बसवल्या.

काल संपलेल्या ४८ तासांच्या मोजणीत, पंप अखंड चालू असताना, तलाव ११ मिलिमीटर आणि बादली ११ मिलिमीटर उतरली. जवळची शाखाही त्याच वयाच्या तांब्याची असल्यामुळे तिची दाबचाचणी दर सहा महिन्यांनी घ्यायचे ठरवले आहे, आणि नव्या चरात तिच्यासाठी दोन इंचांचा एक रिकामा पाइप बूच लावून आताच टाकून ठेवला आहे.

पाणवठा

तो रिकामा पाइप टाकलात हे फार चांगले केलेत. त्याचे बूच नेमके कुठे आहे, त्याचे तलावाच्या कोपऱ्यापासूनचे अंतर मोजून लिहून ठेवा आणि सगळ्या पाइपांचा हाताने काढलेला नकाशा पंपाच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशवीत टांगा.

अंगणतळे

नकाशा आजच काढला. बूच उत्तरेकडच्या कोपऱ्यापासून २.४ मीटरवर आणि जमिनीखाली ४५ सेंटिमीटरवर आहे. ते मी पंपाजवळच्या भिंतीवर रंगानेही लिहिले आहे.